संघ बदलला म्हणून गद्दार?

गेल्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातील एका घरी दोन सख्ख्या भावांच्या वाटणीचा तिढा सोडविण्यासाठी मला बोलावणे आले होते. विहिरीच्या पाण्याची पाळी, बांधावरची चार झाडे आणि म्हाताऱ्या आईने कुणाकडे राहायचे, एवढेच प्रश्न उरले होते. बोलणे जवळजवळ जुळत आले असता थोरल्या भावाने एकाएकी धाकट्याकडे बोट केले आणि तो म्हणाला, "फादर, ह्याच्या शब्दावर जाऊ नका. ह्याला मी २०१७ सालीच ओळखलंय. मुंबई सोडून पुण्याकडं गेला होता हा. जो संघ बदलतो तो घरबी बदलतो. गद्दार आहे हा."

बैठक तेथेच मोडली. धाकटा उठून अंगणात गेला. आईने भरलेले चहाचे कप तसेच आत नेले.

ओळख पटू नये म्हणून या हकिकतीतील काही तपशील मी बदलला आहे. तो शब्द मात्र बदललेला नाही. क्रिकेटच्या एका हंगामातील आवड नऊ वर्षांनी वाटणीच्या बैठकीत पुरावा म्हणून उभी राहावी, हे ऐकून काही वाचकांना हसू येईल. मला त्या दिवशी आले नाही. कारण हेच तर्कशास्त्र त्यापूर्वीही मी बारामती-इंदापूरच्या आपल्या कुटुंबांत अनेकदा ऐकले होते. "आजची पोरं एका संघाशी प्रामाणिक राहत नाहीत, ती बायकोशी काय राहणार?" असा प्रश्न एका सुशिक्षित गृहस्थाने लग्नाच्या मांडवात मला विचारला होता. दुसऱ्या एकाने तर शुभवर्तमानच पुढे केले: जो थोडक्यात विश्वासू नाही तो पुष्कळात कसा राहील? धर्मग्रंथाचा आधार घेऊन कुणी बोलू लागले की माझ्यासारख्याला गप्प बसणे शक्य होत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारण आरोप करणारी बहुतेक मंडळी ती सोयीस्करपणे विसरली आहेत.

आयपीएल २००८ साली सुरू झाली. तिची घोषणा झाली तेव्हा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद आपल्या बारामतीच्याच शरद पवारांकडे होते. त्या पहिल्या वर्षी आठ संघ होते आणि त्यांत पुण्याचा संघ नव्हता. साहजिकच आपल्या भागातील मुलांनी मुंबई इंडियन्सला आपले म्हटले. संघ मराठी मुलखातला आणि त्यात सचिन तेंडुलकर; आणखी काय हवे होते?

२०११ साली पुण्याला पहिला संघ मिळाला, पुणे वॉरियर्स. सहारा समूहाने तो विकत घेतला होता. पहिल्या वर्षी तो घरचे सामने नवी मुंबईत खेळला, पुढच्या वर्षी गहुंजेच्या नव्या मैदानावर आला आणि २०१३ मध्ये मालक व मंडळ यांच्यातील पैशाच्या वादात संपला. तीन हंगामांत सारा खेळ आटोपला. ज्या मुलांनी हौसेने त्या संघाचे सदरे विकत घेतले होते, त्यांना विचारायला कुणी आले नाही.

पुढे २०१५ च्या जुलैत न्यायमूर्ती लोढा समितीने सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. ती पोकळी भरण्यासाठी त्याच वर्षी डिसेंबरात दोन तात्पुरत्या संघांचा लिलाव झाला, तोही उलटा. मंडळाकडून कमीत कमी रक्कम घ्यायला जो तयार होईल त्याला संघ मिळणार होता. पुण्याचा संघ ज्यांना मिळाला, त्यांनी मंडळाकडून काही घेण्याऐवजी मंडळालाच १६ कोटी रुपये देऊ करणारी बोली लावली होती. अशा रीतीने रायझिंग पुणे सुपरजायंट्स हा संघ जन्माला आला. महेंद्रसिंग धोनी, अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ त्यात आले. आणि जन्माच्या दिवशीच त्याच्या मरणाची तारीख ठरलेली होती: दोन हंगाम, बस्स.

आता मला सांगा, वाचकहो, ज्याचे आयुष्य करारानेच दोन हंगामांचे ठरलेले आहे, त्याच्यासाठी दोन हंगामांपुरती जागा काढून देणाऱ्या मुलाने कोणते व्रत मोडले?

त्या दोन हंगामांत काय घडले तेही आठवावे. ९ एप्रिल २०१६ रोजी वानखेडेवर पहिलाच सामना मुंबई विरुद्ध पुणे असा झाला आणि पुण्याने तो ९ गडी राखून जिंकला. घराघरांत तट पडले ते त्या रात्रीपासून. पण लगेच दुसरेच संकट उभे राहिले. ते वर्ष भीषण दुष्काळाचे. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, उजनीचा साठा उणे झाला होता, इंदापूरच्या कितीतरी गावांत टँकरची वाट पाहत घागरी रांगेत बसल्या होत्या. अशा वेळी मैदानावर पाणी मारायचे कसे, हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. पुण्याचा संघ उरलेले घरचे सामने खेळायला विशाखापट्टणमला गेला. आपल्याच मुलांच्या संघाला घर नव्हते, तरी ती मुले त्याला सोडून गेली नाहीत. त्या वर्षी संघ आठांत सातवा आला. जिंकणाऱ्याच्या मागे धावणारी ही मुले, असे म्हणणाऱ्यांनी हा सातवा क्रमांक ध्यानात घ्यावा. मुंबईने २०१३ आणि २०१५ साली विजेतेपद मिळविले होते. विजेत्याला सोडून नवख्याकडे जाणे याला संधिसाधूपणा म्हणायचे असेल, तर तो फारच तोट्याचा संधिसाधूपणा म्हणावा लागेल.

दुसऱ्या हंगामात, २०१७ साली, कर्णधारपद धोनीकडून स्मिथकडे गेले. पुण्याने साखळीतील दोन्ही सामन्यांत मुंबईला हरविले आणि १६ मे रोजी बाद फेरीतही हरविले. मग २१ मेचा रविवार आला. हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईने जेमतेम १२९ धावा केल्या. पुण्याला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. पुणे १२८ वर थांबले. एका धावेने चषक गेला आणि त्याबरोबर संघही. पुढच्या वर्षी चेन्नई व राजस्थान परत आले. पुण्याचे नाव पाटीवरून पुसले गेले.

त्या रात्री आमच्या या थोरल्या भावाने दारात फटाके लावले. धाकटा त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. तो मागच्या दाराने मळ्यात गेला आणि पहाटेपर्यंत परतला नाही, असे आईने मला सांगितले. कुणाची निष्ठा कुणी मोडली याचा निवाडा करायचा असेल, तर मी त्या फटाक्यांपासून सुरुवात करीन.

आता मुख्य आरोपाकडे वळतो. मुलांनी मुंबई सोडली, म्हणजे आपले सोडले, असे म्हटले जाते. परंतु बारामती आणि इंदापूर यांचे क्रिकेटमधील घर मुंबई कधी होते? आपला जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. रणजी करंडकात आपला संघ महाराष्ट्र आहे, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकणारा महाराष्ट्र. २०१४ च्या जानेवारीत याच महाराष्ट्राने वानखेडेवर, मुंबईच्या घरात, उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईला ८ गडी राखून हरविले आणि पुढे अंतिम सामना गाठला. त्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावा काढल्या. निष्ठेची प्रवचने करणाऱ्या माझ्या ज्येष्ठ बांधवांनो, त्या दिवशी तुमच्यापैकी कुणी पेढे वाटले? किती जणांना तो सामना चालू असल्याचे तरी ठाऊक होते? २०२० च्या फेब्रुवारीत तर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना आपल्या बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मैदानावरच झाला. संघ आपल्या दारात आला होता. कितीजण त्याला पाहायला गेले? ज्याच्याशी आपले जन्माचे नाते, त्याला आपण केव्हाच विसरलो आणि ज्याच्याशी दूरचित्रवाणीने नाते जोडून दिले, त्याच्यासाठी पोराला गद्दार ठरविले. मुसळ आपल्या डोळ्यात आहे.

कुणी म्हणेल, "फादर, तुम्ही पोरांची वकिली करता आहात." म्हणून माझीही बाजू सांगून टाकतो. मी स्वतः त्या दोन वर्षांत संघ बदलला नाही. सेमिनरीत असताना, १९९१ च्या मे महिन्यात, रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबई हरियाणाकडून अवघ्या दोन धावांनी हरली आणि वेंगसरकरांना रडू आवरले नाही. तेव्हापासून माझा जीव मुंबईत गुंतला तो आजतागायत. म्हणजे वर जो दोष मी इतरांना दिला, तो माझाही आहे. माझ्या न बदलण्यात निष्ठेचा वाटा किती आणि सवयीचा किती, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. पण न बदलल्याबद्दल कुणी माझा सत्कार करावा, असे त्यात काहीही नाही, एवढे नक्की.

निष्ठा म्हणजे काय, हे आपल्याला नीट पाहावे लागेल. निष्ठा तेथे असते जेथे शब्द दिलेला असतो आणि ज्याला शब्द दिला तो आपल्यावर विसंबून असतो. विवाहात दोन माणसे एकमेकांना साक्षीदारांसमोर शब्द देतात. बाप्तिस्म्यात आईबाप आणि धर्ममातापिता बालकाच्या वतीने शब्द देतात. शेतमजुराला मालक सांगतो, शनिवारी पगार देईन; तोही शब्दच असतो. क्रिकेटच्या संघाला कुणी कोणता शब्द दिला आहे? आणि संघाने आपल्याला कोणता दिला? खेळाडू लिलावात ज्याने जास्त बोली लावली त्याच्याकडे जातात. त्यांचा तो रोजगार आहे, त्यांना मी दोष देत नाही. मालक परवडेनासे झाले की संघ बंद करतात. तो त्यांचा व्यवहार आहे. सगळे पक्ष मोकळे आणि फक्त प्रेक्षक बांधलेला, अशी निष्ठा कोणत्या शास्त्रात बसते?

थोडक्यात विश्वासू राहण्याची जी शिकवण आहे तिचा आधार घेणाऱ्यांनी तिचा संदर्भ पाहावा. तेथे प्रश्न सोपविलेल्या कारभाराचा आहे. जे आपल्यावर कुणी सोपविले, ते लहान असले तरी नीट सांभाळावे, असा तिचा अर्थ. विहिरीच्या पाण्याची पाळी ही अशी लहान गोष्ट आहे. आईच्या औषधाचे पैसे वेळेवर देणे ही अशी लहान गोष्ट आहे. कोणत्या रंगाचा सदरा घालून टाळ्या वाजवायच्या, हे आपल्यावर कुणीही सोपविलेले नाही. उलट करिंथच्या मंडळीत कुणी पौलाचे, कुणी अपुल्लोसचे असे तट पडले, तेव्हा पौलाने स्वतःच्या नावाचा तटसुद्धा मोडायला लावला. मग धोनी आणि रोहित शर्मा यांच्या नावाने घरात तट पाडून ते टिकवून धरणे हे पुण्य कसे ठरते?

आता विरुद्ध बाजूला न्याय द्यायला हवा. संघाला चिकटून राहण्यात काहीच मोल नाही, असे मी म्हणत नाही. हरणाऱ्याबरोबर राहण्याची सवय माणसाला चांगली वळणे लावते. २०१८ साली कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटले, तेव्हा चेन्नईला तिचे उरलेले घरचे सामने गहुंजेला खेळावे लागले. त्या वेळी चेन्नईहून सुमारे १००० चाहते खास रेल्वेगाडीने पुण्याला आले. ज्या संघाला दोन वर्षे निलंबन भोगावे लागले, त्याच्यासाठी एवढा प्रवास करणारी ती माणसे पाहून मला आदर वाटला. पण त्याच मैदानावर आपली पुण्याकडची मुलेही पिवळे सदरे घालून बसली होती. कारण त्यांच्या संघात दोन वर्षे खेळलेला धोनी त्या संघात परत गेला होता. चेन्नईचे चाहते संघाच्या मागे आले होते आणि आपली मुले माणसाच्या मागे गेली होती. दोन्ही प्रेमेच. २०१२ च्या मे महिन्यात कोलकात्यात असेच घडले होते. आपल्याच शहराच्या संघाविरुद्ध पुण्याचा कर्णधार म्हणून सौरव गांगुली ईडन गार्डन्सवर उतरला, तेव्हा अर्धे मैदान शहराच्या बाजूने आणि अर्धे आपल्या दादाच्या बाजूने ओरडत होते. त्या बंगाली माणसांना आपण गद्दार म्हणणार का? आणि आज ऋतुराज गायकवाडसाठी जी आपली मुले चेन्नईचे सामने पाहतात, ती पुण्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्राकडून रणजी खेळणाऱ्या मुलालाच आपला म्हणत आहेत. त्यांचे काय चुकले?

चुकीची गोष्ट एक आहे, आणि ती मी तरुणांना स्पष्टपणे सांगू इच्छितो. संघ बदला, हवे तर दर हंगामाला बदला. पण ज्याला सोडले त्याची टवाळी करू नका. कालपर्यंत ज्यांच्यासोबत एका सतरंजीवर बसून सामना पाहिला, त्यांना आज वाकुल्या दाखवू नका. आणि बदललात तर उघडपणे बदला. जिंकले की "मी आधीपासून यांचाच" असे खोटे बोलू नका. खोटे बोलणे हे पाप आहे. संघ बदलणे नाही. आमच्या त्या धाकट्याने हे पथ्य पाळले होते. २०१६ च्या पहिल्याच सामन्याआधी त्याने भावाला सांगितले होते, "दादा, या टायमाला मी पुण्याकडून." दोन हंगाम संपल्यावर तो मुकाट्याने परत मुंबईच्या बाजूला येऊन बसला. यात लपवाछपवी कोठे आहे?

शेवटचा मुद्दा त्या शब्दाचा. "गद्दार" हा शब्द गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात फार स्वस्त झाला आहे. सभांतून, फलकांवरून, चौकाचौकांतून तो इतक्यांदा फेकला गेला की त्याची धारच गेली, असे आपल्याला वाटते. बारामती आणि इंदापूरच्या वाचकांना याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे एकाच घरातील ताटे राजकारणाने वेगळी झालेली आपण पाहिली आहेत. कोणत्या पक्षाची कोणती बाजू खरी, हे सांगणे माझे काम नव्हे. परंतु चौकातला तो शब्द उचलून आपण घराच्या उंबरठ्याच्या आत आणला, एकोणीस वर्षांच्या मुलाच्या कपाळावर चिकटविला आणि नऊ वर्षे तो निघू दिला नाही, हे मात्र माझ्या कामाच्या कक्षेत येते. धार गेलेली नाही. तो शब्द ऐकून तो तरुण अंगणात गेला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला आहे.

ज्या संघावरून ही फूट पडली, तो आज अस्तित्वातही नाही. त्याच्या मालकांनी पुढे लखनौचा संघ घेतला; खेळाडू पांगले, काही निवृत्त झाले. सगळे आपापल्या मार्गाने गेले. इंदापूर तालुक्यातील एका घरात तेवढा तो संघ अजून खेळतो आहे आणि दोन भावांना एकमेकांविरुद्ध उभे करतो आहे.

थोरल्या भावाच्या हाती हा अंक पडेल, कारण त्याच्या घरी तो येतो. त्याला माझे एवढेच सांगणे आहे: पाण्याची पाळी आणि आईचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तू बोलावशील तेव्हा मी येईन. धाकट्याने कोणत्या दिलेल्या शब्दाला तडा दिला असेल, पाळीचा दिवस चोरला असेल, आईला दिलेले वचन मोडले असेल, तर ते सांग. मी ऐकून घेईन आणि त्याला जाब विचारीन. पण २०१७ चे नाव त्या बैठकीत निघणार नाही आणि तो शब्द तू आईसमोर परत घेशील, या दोन अटींवरच मी त्या घरचा चहा पिईन.